संकेतस्थळ ‘बंद’ आहे, म्हणजे नेमके काय?

(नारपोली, भिवंडी येथील एका वाचनालयात यंत्रमागधारक, गोदामांतील कर्मचारी, सेवा केंद्रांचे चालक आणि विद्यार्थी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)

शासकीय योजनांची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे नित्याचे काम आहे. परंतु योजना कितीही चांगली असली आणि तिची माहिती कितीही तत्परतेने प्रसिद्ध झाली, तरी आज तिचा अर्ज बहुधा संकेतस्थळावरूनच भरावा लागतो. सातबाराचा उतारा असो, शिष्यवृत्ती असो, वस्तू व सेवा कराचे विवरण असो, की गोदामातून निघणाऱ्या मालाचे ई-वे बिल असो; या सर्वांचे दार एकच, आणि ते म्हणजे संगणकाचा पडदा. या दारापर्यंत आलेला माणूस पुष्कळदा एकाच वाक्याने परत पाठविला जातो : “आज साइट बंद आहे, उद्या या.”

हे वाक्य मी स्वतः अनेकदा उच्चारले आहे. त्याची किंमत मी नव्हे, इतरांनी मोजली. तो प्रसंग मी पुढे सांगणार आहे. आज मला एवढेच पटवून द्यावयाचे आहे की, ‘बंद आहे’ हे निदान नव्हे. नारपोलीत एखादा माग थांबला, तर जॉबर “माग बंद आहे” एवढे सांगून घरी जात नाही. ताण्याचे सूत तुटले, कांडी संपली, धोटा अडकला, पट्टा निसटला की वीजच गेली, हे तो क्रमाने पाहतो. जी शिस्त आपण मागाच्या बाबतीत पाळतो, तीच संकेतस्थळाच्या बाबतीत पाळता येते. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. जे मला समजले, ते आपणा सर्वांना निश्चित समजेल.

नाव माणसासाठी, क्रमांक यंत्रासाठी

संगणकांच्या जाळ्यात प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. जुन्या पद्धतीत तो चार संख्यांचा असतो व त्या संख्यांच्या मध्ये टिंबे असतात. नव्या पद्धतीत तो पुष्कळच लांब असतो. यंत्रे एकमेकांना या क्रमांकानेच ओळखतात. आपण मात्र ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असे नाव लिहितो. नावावरून क्रमांक शोधून देणारी जी व्यवस्था आहे, तिला डोमेन नेम सिस्टीम, संक्षेपाने डीएनएस, असे म्हणतात. आपण तिला ‘नामव्यवस्था’ म्हणू.

तिचे कार्य कसे चालते, हे समजून घेण्यास अंजूर फाट्यापर्यंत गेले तरी पुरे. इचलकरंजीहून सुताचा ट्रक घेऊन एखादा चालक प्रथमच येथे येतो. त्याच्या हातातील कागदावर एका कंपाउंडचे नाव आणि गाळ्याचा क्रमांक असतो. फाट्यावरच्या टपरीवाल्याला तो विचारतो. टपरीवाल्याला सर्व गाळे माहीत असण्याचे कारण नाही, तो म्हणतो, “हे कंपाउंड नारपोलीच्या बाजूला आहे, तिकडे विचारा.” नारपोलीत कोणी कंपाउंडचे प्रवेशद्वार दाखवितो आणि तेथील पहारेकरी गाळा दाखवितो. यांपैकी एकालाही संपूर्ण भिवंडी ठाऊक नव्हती. परंतु पुढे कोणाला विचारावयाचे, एवढे प्रत्येकाला ठाऊक होते. नामव्यवस्थेचे सारे तत्त्व एवढेच आहे.

एका यादीपासून वाटून दिलेल्या जबाबदारीपर्यंत

प्रारंभी असे नव्हते. अमेरिकेतील ‘अर्पानेट’ या जाळ्यावर जेव्हा थोडेच संगणक होते, तेव्हा सर्वांची नावे व क्रमांक एकाच यादीत लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ही यादी ठेवली जात असे. नवा संगणक आला की तिकडे कळवावयाचे आणि इतरांनी यादीची नवी प्रत उतरवून घ्यावयाची. संगणक वाढले तशी ही रीत अपुरी पडू लागली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी यादीऐवजी वाटून दिलेल्या जबाबदारीची योजना मांडली, आणि १९८७ साली तिचे नियम आज ज्या स्वरूपात आधारभूत मानले जातात त्या स्वरूपात प्रसिद्ध झाले.

जबाबदारी वाटून देण्याची ही कल्पना आपल्याला परकी नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतीय टपाल खात्याने सहा अंकी पिनकोड सुरू केला. त्यामागील योजक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी कवी होते. भिवंडीचा ४२१३०२ हा क्रमांक पाहा. पहिल्या ४ वरून महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग कळतो. पहिल्या तीन अंकांवरून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा कळतो. शेवटच्या तीन अंकांवरून टपाल कार्यालय कळते. कोलकात्यात पत्रांची वर्गवारी करणाऱ्या कर्मचाऱ्याला नारपोलीची गल्ली माहीत असावी लागत नाही. त्याने पहिले अंक पाहून पत्र योग्य दिशेला लावावे. पुढचे पुढचा पाहील. नामव्यवस्था पिनकोडवरून घेतली, असे मला सुचवावयाचे नाही. गरज सारखी होती, म्हणून उत्तरही सारखे निघाले.

फरक एकच. पिनकोड डावीकडून उजवीकडे वाचावयाचा, तर संकेतस्थळाचे नाव उजवीकडून डावीकडे. ‘इन’ हा देश, ‘गव्ह’ हे शासन, आणि त्याच्या डावीकडे ‘महाराष्ट्र’. ही उजवीकडून वाचण्याची सवय आपण लावून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. तिचा उपयोग पुढे दिसून येईल.

भारतासाठी राखलेल्या ‘इन’ या नावाची नोंद १९८९ साली झाली. पुढे अनेक वर्षे त्याची वही येथून फार दूर नव्हे, तर मुंबईत जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात सांभाळली जात असे. हीच ती संस्था, जिने १९८६-८७ च्या सुमारास पवई येथील आयआयटीशी दूरध्वनीच्या तारेवरून संगणकीय पत्रांची देवाणघेवाण सुरू केली. सर्वसामान्य नागरिकासाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००५ साली ‘इन’ची नोंदणी सर्वांना खुली झाली आणि तिचे व्यवस्थापन ‘निक्सी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे आले. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतील ‘डॉट भारत’ ही पाटीही उपलब्ध झाली.

एका प्रश्नाचा प्रवास

आता आपण ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असे लिहून कळ दाबली, असे समजा. पुढे काय घडते?

संगणक प्रथम स्वतःच्या स्मरणात पाहतो. त्याच्या पोटात ‘होस्ट्स’ नावाची एक लहानशी फाइलही असते. अर्पानेटच्या त्या जुन्या यादीची ही वंशज आजही प्रत्येक संगणकात जिवंत आहे. तेथे उत्तर नसेल, तर तो आपल्या इंटरनेट सेवा कंपनीच्या एका सर्व्हरला विचारतो. जाणकार त्याला रिझॉल्व्हर म्हणतात. आपण ‘शोधक’ म्हणू. आपल्या वतीने दारोदार चौकशी करणे हे या शोधकाचे काम. त्या ट्रकच्या चालकाची भूमिका खरे पाहता हाच करतो.

शोधक प्रथम मूळ सर्व्हरकडे, म्हणजे रूट सर्व्हरकडे जातो. रूट सर्व्हरची नावे तेरा आहेत व बारा संस्था ते चालवितात. हे तेराही संगणक अमेरिकेत आहेत, असा एक समज आढळतो; तो चुकीचा आहे. एकाच नावाने व एकाच क्रमांकाने जगभर दीड हजाराहून अधिक ठिकाणी यंत्रे उत्तर देत असतात, आणि त्यांपैकी काही मुंबईतही आहेत. रूट सर्व्हर म्हणतो, “महाराष्ट्र मला ठाऊक नाही, ‘इन’ची वही अमुक ठिकाणी आहे.” ‘इन’चा सर्व्हर म्हणतो, “‘गव्ह डॉट इन’ची वही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे आहे.” अशा रीतीने शोधक शेवटी अशा सर्व्हरपाशी येतो, ज्याला त्या नावाविषयी बोलण्याचा अधिकार आहे. त्याला आपण ‘अधिकृत सर्व्हर’ म्हणू. तो क्रमांक सांगतो, शोधक तो आपल्या संगणकाला कळवितो, आणि मगच संकेतस्थळाशी संबंध जुळतो. या सर्वांस बहुधा एक सेकंदही लागत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाव शोधणे हे एक काम आणि संकेतस्थळ उघडणे हे दुसरे. पहिले बिघडले असता दुसरे पूर्ण सुस्थितीत असू शकते. गाळा उघडा आहे, माणसे कामावर आहेत, परंतु रस्ता दाखविणारा कोणी नाही. तर ट्रक फाट्यावरच उभा राहील.

स्मरणाची मुदत आणि माझी चूक

प्रत्येक वेळी एवढा प्रवास करावा लागू नये, म्हणून शोधक मिळालेले उत्तर काही काळ स्मरणात ठेवतो. किती काळ, हे अधिकृत सर्व्हरच सांगतो. ही मुदत सेकंदांत लिहितात. ३०० म्हणजे पाच मिनिटे, ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक पूर्ण दिवस. ही सोय नसती, तर ही व्यवस्था चाललीच नसती. परंतु गाळ्याची जागा बदलली आणि जुना चालक आठवणीनेच जुन्या जागी गेला, तर जे होईल तेच येथेही होते.

मी उल्लेख केलेला प्रसंग याच स्वरूपाचा आहे. मी ज्या कार्यालयाच्या प्रसिद्धीचे काम पाहत होतो, त्याचे संकेतस्थळ अर्जांच्या अंतिम दिनांकाच्या आदल्या दिवशी दुपारी नव्या सर्व्हरवर हलविण्यात आले. जुना सर्व्हर तत्काळ बंद केला गेला. नावाच्या नोंदीवरील स्मरणाची मुदत मात्र एक दिवसाची होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दूरध्वनी येऊ लागले. कोणी म्हणे उघडते, कोणी म्हणे उघडत नाही. माझ्या टेबलावरील संगणकावर ते उघडत नव्हते, म्हणून मी सर्वांना एकच उत्तर दिले : “संकेतस्थळ बंद आहे.” फलकावरही तसे लिहून लावले.

पडघ्याहून एक बाई मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी आल्या होत्या. फलक वाचून त्या परत गेल्या. त्याच वेळी बाहेर उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या मोबाइलवर तेच संकेतस्थळ उघडून अर्ज भरला. त्याच्या मोबाइल कंपनीच्या शोधकापाशी जुने उत्तर नव्हते. आमच्या कार्यालयाच्या शोधकापाशी होते, एवढाच काय तो फरक. दुपारनंतर जुन्या आठवणीची मुदत संपली आणि सर्वत्र ते सुरळीत उघडू लागले. फलक मात्र संध्याकाळपर्यंत तसाच राहिला. रात्री बारा वाजता अर्जांची मुदत संपली. त्या बाईंचा अर्ज गेला नाही.

त्या दिवशी संकेतस्थळ बंद नव्हतेच. माझ्या चौकशीची वाट बंद होती. तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास सुरू केला.

दोष शोधण्याचा क्रम

आता पाच प्रश्न सांगतो. ते याच क्रमाने विचारावेत.

पहिला प्रश्न : एकच संकेतस्थळ उघडत नाही, की कोणतेच उघडत नाही? कोणतेच उघडत नसेल, तर तार, राउटर, रिचार्ज, वीज यांकडे आधी पाहावे. कोणतेच पान उघडत नाही, परंतु आधीपासून चालू असलेला व्हॉट्सअॅपचा संवाद सुरू आहे, असे दिसले तर जाळे ठीक असून शोधक बिघडला असण्याचा संभव आहे.

दुसरा प्रश्न : नाव अचूक लिहिले आहे काय? एक अक्षर चुकले तरी यंत्राच्या दृष्टीने ते वेगळे नाव होय. देवनागरी नावांत अधिक जपावे. ‘वाऱ्या’तील अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो, डोळ्यांना तो एकच दिसतो, यंत्राला दोन दिसतात. शिवाय नामव्यवस्थेत देवनागरी नाव आतून रोमन अक्षरांत रूपांतरित होऊन जाते. त्याच्या आरंभी ‘एक्सएन’ ही अक्षरे व दोन आडव्या रेघा असतात. असे विचित्र नाव पडद्यावर दिसले, म्हणून तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

तिसरा प्रश्न : पडद्यावर नेमके काय लिहून आले? ‘सर्व्हरचा पत्ता सापडला नाही’ या अर्थाचा संदेश असेल, तर दोष नावाच्या शोधात आहे. ‘संबंध नाकारला’ किंवा ‘उत्तरास फार वेळ लागला’ असा संदेश असेल, तर बहुधा पत्ता सापडला आहे. पुढे गाळ्यावर कोणी दार उघडीत नाही. ४०४, ५०२, ५०३ असे आकडे आले, तर आपण एखाद्या सर्व्हरपर्यंत पोहोचलो आहोत. तेथे नामव्यवस्थेला दोष देऊ नये. म्हणून ‘चालत नाही’ असे न कळविता, संदेशाचे छायाचित्र काढून, वेळ लिहून तक्रार पाठवावी. तिच्यावरून दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा शोध संपतो.

चौथा प्रश्न : दुसऱ्या वाटेने उघडते काय? वाय-फाय बंद करून मोबाइलच्या स्वतःच्या सेवेवर तेच नाव उघडून पाहावे. एका वाटेने उघडते आणि दुसऱ्या वाटेने नाही, तर संकेतस्थळ जिवंत आहे हे सिद्ध झाले. माझ्या त्या सकाळी मी एवढे जरी केले असते, तरी तो फलक लागला नसता.

पाचवा प्रश्न : शोधक काय म्हणतो? विंडोजच्या संगणकात आदेशाच्या काळ्या खिडकीत ‘एनएसलुकअप’ हा शब्द रोमन अक्षरांत लिहून, एक जागा सोडून संकेतस्थळाचे नाव द्यावे. जे उत्तर येते, त्याच्या पहिल्या दोन ओळी पुष्कळांची दिशाभूल करतात. त्या ओळींत संकेतस्थळाचा नव्हे, तर उत्तर देणाऱ्या शोधकाचा नाव-पत्ता असतो. संकेतस्थळाचा क्रमांक त्याखाली येतो. त्याच्या वर ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह’ असे लिहिलेले असते. तो दोष नव्हे. हे उत्तर अधिकृत सर्व्हरकडून थेट न येता शोधकामार्फत आले आहे, एवढाच त्याचा अर्थ.

क्रमांक न मिळाल्यास जे उत्तर येते, ते नीट वाचावे, कारण तीन नकारांचे तीन वेगळे अर्थ आहेत. ‘नॉन-एक्झिस्टंट डोमेन’ म्हणजे चौकशी पूर्ण झाली आणि असे नाव वहीत नाही असे कळले. नाव चुकले असेल, नोंद झाली नसेल किंवा नूतनीकरण राहिले असेल. ‘सर्व्हर फेल्ड’ म्हणजे शोधकाने प्रयत्न केला, परंतु विश्वास ठेवण्याजोगे उत्तर त्याला मिळविता आले नाही. अधिकृत सर्व्हर बंद असेल, किंवा नोंदीवरील सुरक्षा-सहीत दोष असेल. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे शोधकच बोलत नाही. पहिल्या नकारात दोष नावाच्या नोंदीत, दुसऱ्यात बहुधा नावाच्या मालकाच्या सर्व्हरमध्ये, तर तिसऱ्यात आपल्याच बाजूला असतो.

याच आदेशात नावापुढे जागा सोडून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे सार्वजनिक शोधकांचे क्रमांक इंग्रजी आकड्यांत लिहिले, तर तोच प्रश्न दुसऱ्या जाणकाराला विचारता येतो. एकाने उत्तर दिले आणि दुसऱ्याने नाही, तर दोष कोणाकडे ते उघड झाले. आपल्या संगणकाने जुने उत्तर धरून ठेवले असेल, तर ‘आयपीकॉन्फिग’ या आदेशापुढे जागा, तिरकी रेघ व ‘फ्लशडीएनएस’ असे रोमन अक्षरांत लिहिल्याने त्याची आठवण पुसली जाते. एनएसलुकअप योग्य क्रमांक सांगतो, परंतु पान भलतेच उघडते, असे आढळले तर होस्ट्स ही फाइल तपासून घ्यावी. एनएसलुकअप ती पाहत नाही, आणि तिच्यात खोडसाळ नोंद घुसडणारे घातक प्रोग्रॅम असतात.

जे अधिक जाणू इच्छितात, त्यांच्यासाठी ‘डिग’ हे साधन आहे. त्याला ‘ट्रेस’ची जोड दिली असता रूट सर्व्हरपासून अधिकृत सर्व्हरपर्यंतचा सारा प्रवास ओळीने छापून येतो, आणि साखळीची कोणती कडी तुटली ते डोळ्यांनी दिसते. कार्यालयांतील जाळे सांभाळणाऱ्यांना आणखी एक सूचना. नामव्यवस्थेचे प्रश्न ५३ क्रमांकाच्या दाराने जातात. लहान उत्तरे बहुधा यूडीपी या पद्धतीने येतात, फार मोठी उत्तरे टीसीपीने येतात. सुरक्षेसाठी दुसरी वाट बंद केली, तर काही नावे सापडतात व काही सापडत नाहीत, असा गोंधळात टाकणारा दोष उद्भवतो.

सारे चालू, तरी सारे बंद

हा प्रकार केवळ लहान कार्यालयांतच घडतो असे नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप ही सर्व एकाच वेळी दिसेनाशी झाली, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आदेशाने कंपनीच्या केंद्रांना जोडणारे अंतर्गत जाळे तुटले. मुख्य केंद्रांशी संबंध तुटल्याचे पाहून त्यांच्या नाम-सर्व्हरांनी, पूर्वी ठरवून दिल्याप्रमाणे, आपल्याकडे येणारे मार्ग जगाला सांगण्याचे थांबविले. हे सर्व्हर चालू होते, त्यांतील नोंदी शाबूत होत्या. परंतु त्यांच्यापर्यंत कोणालाच जाता येईना. दुरुस्तीची साधनेही त्याच व्यवस्थेवर अवलंबून असल्याने काम लांबले, आणि सेवा पूर्ववत होण्यास सुमारे सहा तास लागले. नाम-सर्व्हर सर्व एकाच वाटेवर ठेवू नयेत, आणि दुरुस्तीची किल्ली बंद खोलीत ठेवू नये, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

पाटी खरी की खोटी?

पत्ता सापडला नाही, तर माणसाचा वेळ जातो. खोटा पत्ता सापडला, तर पैसे जातात. २००८ साली डॅन कामिन्स्की यांनी दाखवून दिले की, शोधकाच्या स्मरणात खोटे उत्तर पेरणे वाटते त्याहून सोपे आहे. त्यानंतर उत्तरांवर गणिती सही करण्याच्या पद्धतीला वेग आला, आणि १५ जुलै २०१० रोजी मूळ सर्व्हरांच्या वहीवरही अशी सही झाली.

परंतु ही सही आपल्याला एका गोष्टीपासून वाचवू शकत नाही. चोराने दुसरेच मिळतेजुळते नाव रीतसर विकत घेतले, तर नामव्यवस्था त्या नावाचा अगदी अचूक पत्ता देईल. तिच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. येथे उजवीकडून वाचण्याची सवय कामी येते. ज्या नावाच्या शेवटी ‘गव्ह डॉट इन’ आहे, ते शासनाच्या वहीतील नाव. ‘गव्ह’ हा शब्द नावाच्या मध्ये कोठेतरी आहे आणि शेवट भलताच आहे, तर ती दुसऱ्याची पाटी समजावी. याच विचाराने रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या एप्रिलमध्ये सर्व बँकांना आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या शेवटाखाली ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत नेण्याचा आदेश दिला. या शेवटाची नोंदणी हैदराबाद येथील बँकिंग तंत्रज्ञान संस्थेकडे आहे आणि ते नाव बँकेखेरीज इतरांस मिळत नाही. पाटी कोणी लावावी, यावर अशा रीतीने अंकुश आला. पाटी वाचणे मात्र आपल्याच हाती आहे.

चार गोष्टींची काळजी

आपल्यापैकी अनेकांच्या व्यवसायाची स्वतःची संकेतस्थळे आहेत. त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारख्या कार्यालयीन मंडळींसाठी, चार गोष्टी सांगतो. नावाच्या नूतनीकरणाचा दिनांक भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, आणि नाव नोकराच्या किंवा दुकानदाराच्या नव्हे, तर संस्थेच्या नावे नोंदवावे. नाम-सर्व्हर निदान दोन, आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी असावेत. सर्व्हर बदलावयाचा असेल, तर निदान जुन्या मुदतीइतका काळ आधी स्मरणाची मुदत कमी करावी. एक दिवसाची मुदत पाच मिनिटांवर आणावी, बदलानंतर जुन्या आठवणी विझेपर्यंत दोन्ही सर्व्हर चालू ठेवावेत आणि मग मुदत पूर्ववत करावी. तसेच नवी नोंद करण्यापूर्वी ते नाव उघडून पाहण्याची घाई करू नये, कारण ‘असे नाव नाही’ हा नकारही शोधक काही काळ लक्षात ठेवतो. आणि अर्जांच्या अंतिम दिनांकाच्या तोंडावर असे बदल करूच नयेत.

बंधुभगिनींनो, सेवा केंद्राच्या खिडकीशी उभा असलेला माणूस तंत्रज्ञ नसतो. तो एक दिवसाची मजुरी सोडून आलेला असतो. “साइट बंद आहे” या उत्तरावर त्याला प्रतिप्रश्न करता येत नाही. आपण जे सांगू ते तो खरे मानतो. म्हणून उत्तर देण्यापूर्वी निदान दुसऱ्या वाटेने एकदा उघडून पाहणे, एवढे तरी आपल्याकडून घडावे. उघडले नाहीच, तर त्याला नेमके सांगावे : “पत्ता सापडत नाही, तासाभराने पुन्हा पाहू”, किंवा “पत्ता सापडतो, पण तिकडचा सर्व्हर उत्तर देत नाही, तक्रार केली आहे, हा तिचा क्रमांक.” अशा उत्तराने त्याचे काम त्याच क्षणी झाले नाही, तरी पुढे काय करावे ते त्याला कळते.

माझ्या टेबलावर आता दोन वेगळ्या सेवांचे दोन मोबाइल असतात. फलक लिहिण्यापूर्वी मी दोन्हीवर पाहतो. पडघ्याच्या त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. परंतु त्यांच्यासारखे पुष्कळजण रोज येतात, आणि त्यांना खरे उत्तर देणे आपल्याला शक्य आहे.